आयर्न हेरिंग, एनिडमावशी आणि चुकीची रांग

ग्रिम्सबी, मे महिन्यातला दुसरा रविवार

ती. एनिडमावशीस जॅनिसचा उभ्याउभ्याच नमस्कार. (वाकले तर उठवायला दोन माणसं लागतील.)

इकडे मी आणि मांजर दोघंही मजेत. तिकडची खुशाली कळव असं मी लिहिणार नाही, कारण ती मला तुमच्या वृद्धाश्रमातली नर्स ब्रायनी कळवतेच. खुब्याचं ऑपरेशन उत्तम झालं, डॉक्टर म्हणाले हिंडाफिरा, आणि बाईसाहेब फेब्रुवारीपासून खोलीबाहेर पडलेल्या नाहीत! जेवण खोलीत, चहा खोलीत. ब्रायनीने कारण विचारलं तर म्हणे, "माझं आता बाहेर काय राहिलंय?" फोन तू उचलत नाहीस. मी भेटायला आले की झोपेचं सोंग घेतेस. (झोपलेलं माणूस टॉफी चघळत नाही, मावशी.) म्हणून हे पत्र. मला तुला त्या खोलीतून बाहेर काढायचंय, हे आधीच सांगून टाकते. आडवळणाने बोलायचा माझा स्वभाव नाही.

तर आता जरा आडवळणाने जाते. 'आयर्न हेरिंग' रॉक बँडवाले एकवीस जूनला आपल्या गावात येताहेत. शेवटचा कार्यक्रम. म्हणजे या खेपेला खरोखर शेवटचा. याआधीचे चार शेवटचे कार्यक्रम मी पाहिलेत. त्यांचा गायक रॉनी स्कोफिन शहात्तर वर्षांचा झालाय आणि म्हणे गाताना मध्येमध्ये स्टुलावर टेकतो. बातमी वाचली आणि माझं मन एकदम तुझ्या त्या मासळीच्या वासाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलं. (वासाचा राग मानू नकोस. दिवसभर धक्क्यावर मासे कापून आलेल्या बाईला काय गुलाबाचा वास येणार?)

आठवतंय ना, दर मंगळवारी मी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, बटणावर बोट धरून, श्वास रोखून बसायचे. निवेदकाचं तोंड मिटलं रे मिटलं की बटण दाबायचं. गाणं रंगात यायचं, गिटार आकाशाला भिडायची, आणि नेमकी तेव्हाच तू जिन्याखालून ओरडायचीस, "जॅनिस! चहा गार होतोय!" ती टेप मी इतकी वाजवली की पुढे मैत्रिणीकडे खरी तबकडी ऐकली तेव्हा मला गाणं अपुरंच वाटलं. मी तिला म्हटलंसुद्धा, "यात चहाचा भाग कुठाय?" ती अजून मला त्यावरून चिडवते. पण खरं सांगू, आजही ते गाणं कुठे लागलं की त्या जागी मला तुझाच आवाज ऐकू येतो, आणि फार बरं वाटतं.

आता रांगेबद्दल. (तू म्हणशील, नको तो विषय. पन्नास वर्षं झाली, आता तरी हसू या.) मी अकरा वर्षांची, आयर्न हेरिंग पहिल्यांदाच गावात येणार, आणि तिकिटं शनिवारी सकाळी दहाला मिळणार. आईने साफ नाही म्हटलं. तू म्हणालीस, "चल, मी नेते," आणि आईला सांगितलंस की आपण लोकर आणायला जातोय. नाट्यगृहाच्या जरा अलीकडे, चर्चच्या सभागृहापाशी हीऽऽ लांब रांग! आपण शेपटाला जाऊन उभ्या. रांग कसली आहे हे विचारायचं तुझ्या मनात आलं नाही, आणि आलं असतं तरी तू विचारलं नसतंस, कारण रांगेतल्या माणसाला "ही कशाची?" म्हणून विचारणं म्हणजे त्याच्या अकलेवर संशय घेणं, असं आपल्याकडे सगळेच मानतात. पुढच्या गृहस्थांना तू फक्त एवढंच म्हणालीस, "सरकतेय ना?" ते म्हणाले, "सरकतेय हो, देवाची कृपा." झालं, एवढ्यावर आपण दीड तास काढला. सगळ्यांचे कोट काळे. मला वाटलं, रॉकवाले काळंच घालतात. पुढे एक ऐंशीच्या आजी होत्या, जाळीची टोपी घातलेल्या. माझ्या मनात आलं, वा, केवढी लोकप्रियता!

दारातून आत गेलो तर समोर शवपेटी. मिस्टर ब्लँचर्ड, चर्चच्या गायकवृंदात तीस वर्षं खर्जात गाणारे. मागे वळावं तर मागे साठ माणसं, आणि रांग मोडून जाण्यापेक्षा तू त्या पेटीत जाऊन निजली असतीस. मिसेस ब्लँचर्डनी तुझा हात हातात घेऊन विचारलं, "तुमची त्यांची ओळख कशी?" जन्मात खोटं न बोललेली तू (लोकर सोडून) घाबरून म्हणालीस, "आवाज, बाई. असा आवाज पुन्हा होणे नाही." त्या रडायला लागल्या. आणि मी? मला कळून चुकलं होतं की तिकिटं संपली. मी असं भोकाड पसरलं की अख्खं सभागृह वळून बघायला लागलं. बाई मला पोटाशी धरून म्हणाल्या, "इतकं तर त्यांच्या सख्ख्या भावालाही रडू आलं नाही गं." मग मला राहवेना. खरं काय ते हुंदक्यांत सांगून टाकलं. तू डोळे मिटून घेतलेस. आणि मिसेस ब्लँचर्ड हसल्या! हॅम सँडविचची बशी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "माझे मेहुणे त्या नाट्यगृहाचे रखवालदार आहेत. बाजूच्या दाराने या."

तो कार्यक्रम आपण रंगमंचाच्या कडेला, बादल्या आणि फरशी पुसायच्या दांड्यांमध्ये बसून ऐकला. तू मांडीवर पर्स घट्ट धरलेली, कानांत कापसाचे बोळे. तिसऱ्या गाण्याला तू एक बोळा काढलास, चौथ्याला दुसरा, आणि पाचव्याला ढोलवाल्याकडे बोट दाखवून माझ्या कानात ओरडलीस, "मनगट बघ त्याचं! हा आमच्या धक्क्यावर असता तर मी हाताखाली घेतला असता!" तेव्हा तू तेहतीस वर्षांची होतीस. तुझा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. त्या बाईला बाहेर काही राहिलं नाही हे मी मुळीच मानणार नाही. मला तुझा राग येतो, मावशी, आणि तुझ्यावाचून मला करमत नाही.

ब्रायनीला नमस्कार. टॉफी बेताने खा.

तुझी,
जॅनिस

ता. क. : कार्यक्रमाला चल असं मी कुठेही म्हटलेलं नाही, हे पत्र पुन्हा वाचलंस तर लक्षात येईल. आपलं सहज कळवलं.

ता. क. २ : बरं, म्हणतेय. आणि यात माया वगैरे काही नाही, निव्वळ स्वार्थ आहे. साधी तिकिटं केव्हाच संपली. उरल्यात त्या फक्त व्हीलचेअरवाल्यांच्या जागा, आणि त्यांच्यासोबत एका माणसाला आत सोडतात. एक जागा तुझ्या नावाने घेतली आहे. सोबतीचं माणूस मी. व्हीलचेअर नको म्हणून हट्ट करशील, पण नाट्यगृहात शिरल्यावर हवं तर उठून नाच.

ता. क. ३ : ब्रायनीच्या पोटात काही राहत नाही, तेव्हा मीच सांगते. माझ्याकडे जानेवारीपासून तिकीट होतं, पहिल्या रांगेतलं. ते काल मी तिला देऊन टाकलं. आता तू आत गेलीस तरच मी आत. एकवीस तारखेला साडेपाचला गाडी घेऊन येते.