वळणावरचा कोळसा

८ जानेवारी, दुपार

धाकट्या शहाण्यास,

ताईचे आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा. दोन्ही पोचले असं समज.

इकडे सगळं ठीक. गाय व्यायली, कालवड झाली. बाबांचा खोकला आहे तसाच आहे. मला काय धाड भरणार आहे?

मका यंदा भरपूर पिकला. पण तुमच्या रेल्वेने दर असे चढवलेत, की शहरात विकून गाडीभाडंही सुटत नाही. म्हणून आम्ही तो जाळतो. हो, चुलीत. सरपण त्याहून महाग पडतं. बाबा मला हात लावू देत नाहीत, स्वतःच घालतात. सांडलेला एकेक दाणा आपल्याला वेचायला लावणारे बाबा! कणसावरून अंगठा फिरवतात आणि मग आत सारतात. मला बघवत नाही रे. उगाच गोठ्यात जाऊन येते.

आता मुद्द्याचं. मागच्या पत्रात लिहिलंस, ‘इंजिनातून कोळसा टाकतो, वळणावर बघत जा.’ मी गेले, तर एक खडा नाही. म्हटलं, मारली थाप. परवा गोठ्यामागे पोती उचलली, तर खाली हा ढीग!

बाबांना विचारलं. म्हणाले, “गाडीतून पडतो.”

“मग जाळत का नाही?”

“कंपनीचा आहे. उद्या त्याला जाब विचारला, तर परत करता यायला हवा.”

“त्याला म्हणजे कुणाला?”

बाबा खोकत बसले. तू रेल्वेत गेलास, तेव्हा ‘तो आता त्यांचा माणूस’ म्हणून त्यांनी तुझं नाव टाकलं होतं. आणि आता घरचं धान्य जाळून तुझा कोळसा जपताहेत. दोघंही सारखेच हट्टी, मधल्या मधे माझं मरण.

तेव्हा कोळसा टाकणं आजपासून बंद. पकडला गेलास तर नोकरी जाईल, आणि इथे तुला खायला फक्त मका आहे.

पण एक कर. वळण आलं, की फावडं ठेव आणि तोंड बाहेर काढ. बाबा रोज तिथे असतात. कोळसा वेचायला जातो म्हणतात, पण गाडी दिसेनाशी झाली तरी उभेच. कोळसा वेचायला कुणी ठेवणीतला कोट घालून जातं का?

हात हलव. ते हलवणार नाहीत, मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी वाट बघणाऱ्या दोघांपैकी, लिहिता येणारी,
ताई