चोरीचा तपास नेपाळात

२० मे २०००

सौ. नंदा,
नेपाळच्या डोंगरातून तुला जय भीम.

मी खुशाल आहे. तू दिलेला स्वेटर अंगातच आहे. अण्णांचा खोकला थांबला का?

इथले पोलीस आपल्याहून कडके. आपल्या ठाण्यात जीप आहे, डिझेल नाही. इथं डिझेलची कटकटच नाही, कारण जीप नाही. आपण पंचनाम्याचे कागद फिर्यादीकडून मागवतो, इथल्या हवालदाराने माझंच पेन मागून घेतलं. वर म्हणाला, "पत्ता सांगतो, डोंगर तुम्ही चढा."

चढलो. आपल्याकडच्या आंब्याच्या बागेतला पंप ज्याने नेला म्हणतात, तो राखणीचा गुरखा बाजारात गेलेला. घरी म्हातारा बाप. त्याला दरडावलं, "चोरी के लिए आया हूँ!" नेपाळीत छोरी म्हणजे मुलगी. म्हातारा हरखला, लेकीला नटवून समोर उभी केली आणि कोंबडा कापला. तू मनात काही आणू नकोस. मी कोंबडा तेवढा खाल्ला.

आता चौकीवर साहेबांचा फोन आलाय. पंप बागवाल्यानेच मिरजोळ्याला दुरुस्तीला टाकलेला, आणि विसरला मेला!

उद्या पुन्हा चढून म्हाताऱ्याला सांगायचंय, की चोरी नाहीच. तो म्हणेल, मग ही कोण?

अजून तुझाच,
गंगाराम