जबड्याच्या कोपऱ्यात

आप्पा,

मेंढरं बरी असतील. हे पत्र मी टाकणार नाही. ते वाचून दाखवायला तुम्हाला वैजनाथदादा लागेल आणि तो गावभर सांगत सुटेल.

"दाताची डॉक्टर झालीस, आता पोरांच्या पडणाऱ्या दातांसाठी आणखी तीन सालं घालवतीस व्हय?" असं म्हणून तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलं. फोन केला की लगेच आईच्या हातात देता. म्हणून आजचं इथं लिहिते.

आज कॉलेजचं दात तपासणीचं शिबिर ईट गावच्या शाळेत होतं. राजनंदिनी नावाची पाच वर्षांची पोर आली. दुधाची दाढ किडून गाल सुजलेला, भाकरी चावता येईना. "पडंल की आपोआप," तिची आई म्हणाली. अगदी तुमच्यासारखं. पोरगी तोंडच उघडेना. बाहुलीचे दात दाखवले, आरसा हातात दिला, काही उपयोग झाला नाही.

मग आठवलं, मेंढीला औषध पाजताना तुम्ही जबड्याच्या कोपऱ्यात, दात नसतात तिथं, अंगठा सारता. मी सूज नसलेल्या बाजूनं, गालाच्या आतून, शेवटच्या दाढेमागं हळूच बोट सरकवलं. तोंड उघडलं. मग दाढ उघडून आतला पू काढला, ठणका थांबला. आम्ही सामान आवरेपर्यंत पोरगी दूधभाकरी खात बसली होती.

आमच्या मॅडम बघत होत्या. "हे कुणी शिकवलं गं?"

"वडिलांनी."

"अरे वा! कुठं असते त्यांची प्रॅक्टिस?"

"सध्या तामलवाडीच्या माळावर," मी म्हणाले.

तुमची,
समृद्धी