याकूतजानची चढी पट्टी

ताश्कंद,
९ मार्च १९९७

ती. सनोबर आपाच्या सेवेशी,
धाकट्या मतयाकूबचा सलाम वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहोत. ट्रामच्या कारखान्यात अजून माझ्यावाचून कुणाचं अडतं, त्यामुळे नोकरी शाबूत आहे. तुझी भावजय विचारते, की खिव्याचे वाळवलेले खरबूज येणार होते ते वाटेत चालत येताहेत का.

पत्रास कारण आनंदाचं आहे. आईची रेकॉर्ड पुन्हा निघायची शक्यता आहे. रविवारच्या जुन्या बाजारात जुन्या तबकड्यांचे वेडे जमतात, हे तुला मागे लिहिलं होतं. आईची १९७३ सालची ती चार गाण्यांची तबकडी त्यांच्यात देवासारखी मानतात. शाबूत प्रती साऱ्या शहरात तीनच, आणि मूळ फीत तर तबकड्यांच्या कारखान्याने केव्हाच पुसून तिच्यावर दुसरं काहीतरी भरलं. एक दातांचे डॉक्टर मला म्हणाले, की बावन्नाव्या वर्षी सोळा वर्षांच्या पोरीचा गळा, याकूतजानसारखी खल्फा, बायकांच्या बैठकीतली गायिका, पुन्हा होणे नाही. मी कोण हे कळल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरून ठेवले.

या लोकांनी दोनशे बारा सह्यांचा अर्ज केला आणि कॅसेट काढायला परवानगी मिळवली. आता फक्त वारसांची संमती हवी, म्हणजे तुझी नि माझी. माझी सही केली आहे. तुझ्या नावापुढे पेन्सिलीने फुली मारली आहे, तिथे सही करून कागद उलट टपाली धाड. आपा, सोळा वर्षं झाली आईला जाऊन. निदान आवाज तरी घरोघर परत येईल.

मुलांना पापा. लोभ आहेच, तो टपालखात्याच्या वेगाने का होईना, पोचत राहू दे.
तुझा मतयाकूब

खिवा,
३० मार्च १९९७

चि. मतयाकूबला,
आपाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

खरबूज जावईबापूंबरोबर पाठवले आहेत. भावजयीला सांग, चालत नाही, आगगाडीने येताहेत.

सही करणार नाही. कागद जपून ठेवला आहे, फाडलेला नाही, पण सही होणार नाही. राग मानू नकोस. त्या तबकडीवर आई नाही. हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं, आणि तेव्हाही तू म्हणाला होतास, की आपाच्या डफाचा आवाज बारीक आला म्हणून आपा जळते. मी तेवीस वर्षं हे ऐकून घेतलं आहे, आणखीही ऐकून घेईन.

तू आईचं गाणं किती ऐकलंस ते आठव. खल्फा गाते ती बायकांच्या बैठकीत. तू आठ वर्षांचा झालास नि शेजारच्या म्हातारीने तुला कान धरून बाहेर काढलं. पुढे तू भिंतीपलीकडून ऐकलंस, त्यात शंभर बायकांचा कल्ला. अठराव्या वर्षी सैन्यात गेलास, तिथून भूकंपानंतरची बांधकामं करायला ताश्कंदला, तो तिकडचाच झालास. मी एकवीस वर्षं तिच्या डाव्या हाताला बसून डफ वाजवला. तिचा आवाज जाड होता. रुंद होता. ती गायला लागली की मांडीवरची पोरं झोपायची. त्या तबकडीवर कोण पोरगी किंचाळते आहे ते तुझ्या दंतवैद्याला विचार.

इथे खिव्यात तिचं नावही कुणी काढत नाही, लग्नात आता वीज लावून वाजवतात. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. पण म्हणून कोणतंही पीक तिच्या नावावर खपवू नका.

माझे गुडघे आहेत तसेच. राग आला तर लिहून टाक, पण पत्र बंद करू नकोस.
सनोबर आपा

ताश्कंद,
२२ एप्रिल १९९७

ती. आपास,
सलाम वि. वि.

खरबूज पोचले. तुझी भावजय खूश आहे. मी नाही.

तुझं पत्र वाचून आधी भांडायलाच बसलो होतो. मग वाटलं, भांडण्यापेक्षा खरंखोटं करून टाकावं. आमच्यातले वेनियामिन पाक म्हणून एक कोरियन गृहस्थ आहेत, तीस वर्षं रेडिओत ध्वनिमुद्रण केलं, कान असा की मांजर कुठल्या जिन्यावर आहे ते सांगतील. आईची गळ्यात अडकवायची पेटी माझ्याकडे भिंतीवर आहे. ती घेऊन त्यांच्याकडे गेलो. मी म्हटलं, माणसाचा आवाज चढतो-उतरतो, पेटीचे सूर तर धातूच्या पट्ट्यांचे, ते काही कुणाच्या मर्जीने हलत नाहीत. तबकडीवर हीच पेटी वाजते. तबकडीने काही घोळ केला असेल तर पेटीशी जुळणार नाही.

जुळली. केसाचाही फरक नाही. पाकनी तीनदा वाजवून बघितलं. हातच्या काकणाला आरसा कशाला, आपा. ते किंचाळणं आपल्या आईचंच आहे.

एक लिहितो, रागावू नकोस, किंवा रागाव. आई गेली तेव्हा मी दफनानंतर पोचलो. माझ्याकडे तिचं म्हणावं असं ही पेटी आणि ही तबकडी, एवढंच आहे. घरी बोलायची तेव्हा जाड बोलायची हे मलाही आठवतं, पण गाताना आवाज बारीक होणारी माणसं असतात. तुझ्याजवळ एकवीस वर्षं आहेत. माझी तबकडीवरची बारा मिनिटं तरी खोटी ठरवू नकोस.

कळावे. कागदाची वाट पाहतो आहे.
मतयाकूब

खिवा,
१८ मे १९९७

चि. मतयाकूब,
आशीर्वाद वि. वि.

हे पत्र मी चारदा लिहायला घेतलं. कोळसा उगाळावा तितका काळाच, म्हणून इतकी वर्षं उगाळला नाही. पण तू पेटी मध्ये आणलीस, आता गप्प बसता येत नाही.

तुझ्या भिंतीवरची पेटी तबकडीवर वाजणारी नाही. ती आम्ही उर्गेंचला जाऊन १९७५ साली घेतली. जुनी, आजीची, अशाच काळ्या रंगाची होती, ती बदल्यात देऊन टाकली. ती कुठे गेली देव जाणे.

आता सगळं नीट सांगते. ताश्कंदची माणसं यंत्र घेऊन आली ते नोव्हेंबरात. कापूस आला होता, सरकी काढायची गिरणी चोवीस तास चालू होती, गावात दिवे नुसते नावाला. आम्ही सांस्कृतिक भवनात बसलो तेव्हा डोक्यावरच्या दिव्याची तार लाल दिसत होती, इतका तो मंद. आई नेहमीसारखी गायली, नेहमीसारखी जाड. वसंतात तबकडी आली. मोहल्ल्यातल्या बायका जमल्या, मी चहा ओतला, गाणं सुरू झालं, आणि आईने पेला खाली ठेवून विचारलं की ही मुलगी कोणाची. सगळ्या इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. त्यांना वाटलं, याकूतजान विनय करते आहे. मग तीही हसली.

बायका गेल्यावर ती स्वयंपाकघरात माझ्या मागे आली आणि हळूच म्हणाली, की सनोबर, मी अशी गाते का. मी पीठ मळत होते. मला ठाऊक होतं की नाही. पण तबकडीवर तिचं नाव सोनेरी अक्षरांत होतं, शहरातल्या लोकांनी काढलेली होती. मी म्हटलं, यंत्र कशाला खोटं बोलेल, आई. आपलाच कान आपल्याला फसवतो.

पुढचं तुला ओळखता येईल. त्या वर्षी जिथे जावं तिथे लोकांनी तबकडी आधी ऐकलेली. लग्नघरच्या बायका कुजबुजायच्या, की तबकडीवर बरी गाते, इथे मन लावत नाही. एका विहिणीने तर तोंडावर विचारलं, की खरी याकूतजान कधी येणार. आई घरी आली नि दोन दिवस पडून राहिली. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, थोडं वर चढव, आई, लोकांना तेच हवं आहे. पेटी खालच्या पट्टीची होती, ती चढायला देईना. म्हणून मीच तिला उर्गेंचला नेलं. तबकडी बरोबर नेली होती. दुकानदाराने तबकडी लावून एकेक पेटी जुळवून पाहिली, जी जुळली ती घेतली. तुझ्या पाकना केसाचाही फरक सापडला नाही तो यामुळे.

दोन वर्षं ती तशी गायली, स्वतःच्या तबकडीची नक्कल करत. सत्त्याहत्तरच्या शरदात एका लग्नात दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला, तो गेलाच. डॉक्टरांनी गळ्यात गाठी सांगितल्या. मरेपर्यंत कुजबुजत बोलली. माझ्या मुलांना आजी म्हणजे ती कुजबूजच आठवते. तुला तेव्हा आम्ही सर्दी म्हणून कळवलं.

कधी तिने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

म्हणून सही करत नाही. आता तरी समजून घे. आपा म्हणायचं सोडलंस तरी माझा तुझ्यावरचा लोभ सुटायचा नाही.
सनोबर

ताश्कंद,
११ जून १९९७

माझ्या आपास,
मतयाकूबचा सलाम, आणि माफी, वि. वि.

मी तीस वर्षं विजेचं काम करतो, आणि माझ्या डोक्यात आलं नाही. विजेचा दाब पडला की मोटर सुस्तावते. यंत्राने फीत हळू फिरवून आवाज भरला. नंतर तीच फीत शहरात पुऱ्या वेगाने फिरली, म्हणून गाणंही धावलं आणि आवाजही चढला. इतकं साधं आहे. पाकना हे सांगितलं. म्हणाले, हंगामात मुद्रण करायचं तर आधी दिव्याकडे बघावं, हे आमच्यातल्या पोरासोरांना ठाऊक असायला हवं होतं.

तू तेव्हा पीठ मळत होतीस, आपा. तुला मोटरचं काय कळणार होतं. आईची शपथ, मी तुला बोल लावत नाही.

आता ऐक. पाकांनी तबकडी त्यांच्या यंत्रावर चढवली आहे, एक खुंटी फिरवून वेग हवा तितका कमी करता येतो. थोडा कमी केला आणि माझ्या अंगावर काटा आला. रविवारच्या मंडळींना ऐकवलं, त्यांना मुळीच आवडलं नाही. दंतवैद्य म्हणाले, ही कोण जाडी बाई. बोलाफुलाला गाठ म्हणतात तसं अगदी आईचंच तेव्हाचं वाक्य, फक्त उलटं. पण मी ठरवलं आहे. कॅसेटला दोन बाजू असतात. पहिलीवर त्यांची याकूतजान, दुसरीवर आपली. ते कबूल झाले आहेत.

अडचण एकच. वेग किती कमी करायचा ते पेटीवाचून समजत नाही, आणि जुनी पेटी नाही. खुंटी कुठे थांबवायची हे सांगू शकेल असं माणूस जगात एकच आहे. तू ये. पाक सप्टेंबरात रशियात क्रास्नोदारला मुलीकडे कायमचे जाणार, यंत्रही बरोबर नेणार. तिकीट पाठवतो आहे. गुडघ्यांसाठी खालचा बाक सांगितला आहे.

आपा, मला तिचा आवाज ऐकव. वाट बघतो.
तुझा मतयाकूब

खिवा,
२४ ऑगस्ट १९९७

चि. मतयाकूब,
आशीर्वाद वि. वि.

सुखरूप पोचले. डब्यात समोर एक बाई होती, तिने उर्गेंचपर्यंत स्वतःच्या सुनेची निंदा केली, त्यामुळे वेळ बरा गेला. भावजयीने दिलेल्या शालीबद्दल तिला सांग, की मी इथे सगळ्यांना दाखवली.

आता खरं लिहिते. समोर बोलता आलं नाही.

तीन दिवस तुम्ही मला पाकांच्या घरी बसवलंत. ते खुंटी फिरवत होते, तू माझ्या तोंडाकडे बघत होतास. गाडीत बसताना मला खात्री होती. वाटत होतं, कानावर पडला की दारात उभ्या राहिलेल्या माणसासारखा ओळखू येईल. पहिल्याच खुणेला वाटलं, हीच. जरा खाली नेलं, तर तीही हीच. आणखी खाली नेलं तेव्हा कोणी परकी बाई आली, पण तीही काही क्षण आईच वाटली. मी डोळे मिटून तिच्या डाव्या हाताला जाऊन बसायचा प्रयत्न केला. डफ आठवला, तिच्या बाहीचा वास आठवला, आवाजाच्या जागी ती तबकडीवरची पोरगीच येऊन गाऊ लागली. मी जिला तेवीस वर्षं घरात येऊ दिलं नाही, तीच तेवढी माझ्या कानात राहिली आहे.

दुसऱ्या दिवशी पाकांनी पहिल्या दिवशी मी हो म्हटलेली पहिलीच खूण पुन्हा लावली होती. मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, ही नव्हे, ही तर फारच हळू. त्यांना सगळं समजलं. तुला काही बोलले नाहीत, नुसतं गार शेवयांचं वाडगं माझ्यापुढे सरकवून म्हणाले, की आधी खाऊन घ्या.

तिसऱ्या दिवशी मी बास म्हटलं, इथेच थांबवा, हीच. तू भिंतीला टेकून रडायला लागलास, आणि पाकांनी खडूने रेघ ओढली. मतयाकूब, मी आवाज ऐकत नव्हते, तुझ्याकडे बघत होते. तुझा चेहरा जिथे सैल पडला तिथे मी थांबवलं. तुला आई मिळाली असं वाटलं, म्हणून हो म्हटलं. पूर्वी एकदा असंच, समोरच्याला बरं वाटावं म्हणून बोलले होते. ते तुला लिहिलंच आहे. घरी आल्यावर झोप लागेना, तेव्हा ठरवलं की तुझ्याशी तरी दुसऱ्यांदा तसं करायचं नाही.

ती खडूची रेघ पुसून टाक. ती कुणाचीच पट्टी नाही.

संमतीचा कागद सही करून सोबत जोडला आहे. तुमच्या मंडळींना हवी तशी कॅसेट काढू दे, चढ्या पट्टीत. त्या पोरीला ओळखणारे निदान दोनशे बारा लोक आहेत. आईला ओळखणारी मी एकटी उरले होते, तीही आता नाही. दुसरी बाजू कोरी ठेवायला सांग.

मुलांना आशीर्वाद. लोभ ठेव, जमेल तितका.
सनोबर आपा