कोण आठवण काढतंय

दादा,
दवाखान्यात खाट रिकामी झाल्याचा फोन आला, म्हणून तुझी वाट न बघता निघाले. माझा घास अडकतो तो घाईने जेवल्यामुळे नाही. शरीराची राखण करणारी शक्तीच अन्ननलिकेवर उलटलीय, नळी कडक होत चाललीय. कुंपणानेच शेत खाल्लं. लाखात एखाद्याला होतं म्हणे.

तुझं जेवण ओट्यावर झाकलंय. मिक्सरमध्ये माझं वाटलेलं उरलंय, ते टाकून भांडं धू. यांना काही कळवू नकोस.

वर्षभर मला ठसका लागला की तू चिडवायचास, "कोण आठवण काढतंय गं?" मला खरंच वाटायचं, घर सोडून गेलेले हेच काढत असतील. म्हणून इतके दिवस डॉक्टरांना दाखवलं नाही. ठसका थांबावा असं वाटायचंच नाही.

धाकटी