पाणी लावून बघितलेला दगड

मी, तांग शिचुन, वय अडुसष्ट, धंदा जेड कोरण्याचा, राहणार सुचौ, विहिरीशेजारचे घर, पूर्ण शुद्धीवर हे लिहून ठेवत आहे. हात कापतो, डोके नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तशी छाती या घरात कोणाची नाही.

कलम एक. घर मुलगी मेइलान हिचे. तिच्या नवऱ्याचे नव्हे. जावई लू बाओ माझी प्रकृती बघायला दोनदा आला आणि दोन्ही वेळा तुळया ठोकून बघून गेला. त्याला माझी चहाची किटली द्यावी. तिची चोच फुटकी आहे.

कलम दोन. धाकटा भाऊ तांग देआन याने माझ्या शवपेटीजवळ उभे राहू नये, सुतकाचे पांढरे कपडे घालू नयेत, उदबत्ती लावू नये. मला तो माणूस सहन होत नाही.

कलम तीन. त्याचे कारण. सव्वीस वर्षांपूर्वी राजवाड्यातून पांढऱ्या जेडचा दगड आला. गुहेत बसलेला बुद्ध करायचा होता, उजवा हात अभयमुद्रेत वर. मी कोरला, देआन झिलई करत होता. काम संपायला चार दिवस उरले असताना त्याच्या कातडी चकतीवर बुद्धाचा हात मनगटातून निखळला. राजवाड्याच्या हुकमाने देआनला अंगणात चाळीस फटके बसले. जेड कारागिरांच्या पंचायतीने धंद्याच्या वहीतून त्याचे नाव कापले. तेव्हापासून तो पुलावर बसून लोकांच्या फुटक्या वाट्या तारेचे टाचे मारून सांधतो.

कापलेले नाव परत चढवायचे तर घरातल्या वडीलधाऱ्याने धंद्याच्या देवळात उभे राहून शब्द द्यावा लागतो. त्याने तीनदा निरोप धाडला, मी तीनदा नाही म्हटले. चौथ्यांदा त्याची बायको आली.

"भाऊजी, त्यांची बोटं आता थंडीत वळत नाहीत. काम नको म्हणतात. मरताना नाव वहीत असावं, एवढंच."

मी म्हटले, "ज्याच्या हातून बुद्धाचा हात तुटला, त्याने नाव मागू नये."

ती चहा न घेता गेली.

कलम चार. चुलीच्या डावीकडची तिसरी वीट काढावी. आत फडक्यात बोटभर जाडीची जेडची चीप आहे. ती राजवाड्याची आहे. दगडाचा कण न् कण तोलून परत द्यायचा असतो; मी तुकड्यांच्या थैलीत ओली वाळू घालून वजन भरले. आता या म्हणावे फटके मारायला.

ही चीप मी बुद्धाच्या मनगटालगत कापली, हात तुटण्याच्या दोन महिने आधी. कोरडी असताना तिच्यात काही दिसत नाही. तिला पाणी लावावे आणि खिडकीच्या उजेडात धरावी. केसाएवढी भेग दिसेल. ती सरळ मनगटात शिरत होती. मला ती त्याच सकाळी दिसली होती.

दगडाच्या आत काय आहे ते ओळखण्यात या गल्लीत माझ्या तोडीचा कोणी नव्हता, आणि हा दगड मीच निर्दोष ठरवला होता. भेग कळवली असती तर फटके मला बसले असते, आणि त्याहून वाईट म्हणजे लोक हसले असते. मी गप्प बसलो आणि मूर्ती झिलईला दिली. टिकेल असे वाटले होते, हे खोटे आहे. टिकणार नाही हे मला माहीत होते.

फटक्यांनंतर त्याला पालथे निजवले होते. त्याने विचारले, "दादा, तुम्ही पाणी लावून बघितला होता ना?"

मी म्हटले, "बघितला होता. निर्दोष होता."

तो म्हणाला, "मग माझाच हात चुकला असेल."

त्याने ते खरे मानले, की मला वाचवले, हे सव्वीस वर्षांत मला कळलेले नाही. त्याने एकदा तरी शिवी द्यायला हवी होती. रोज मी पुलावरून जातो तेव्हा तो मान लववतो आणि मी दुसरीकडे बघतो. असा छळ शत्रूनेही केला नसता.

कलम पाच. पायाने फिरवायचे माझे यंत्र, चकत्या, भोके पाडायच्या बांबूच्या सामत्या आणि घासायची वाळू देआनची. त्याची बोटे वळोत न वळोत.

कलम सहा. पंचायतीचे प्रमुख छिएन दाओमिंग यांनी चीप देवळात न्यावी, सगळ्यांसमोर ओली करावी आणि कलम चार मोठ्याने वाचावे; वडीलधाऱ्याचा शब्द तोच धरावा. देआनचे नाव वहीत चढल्याशिवाय माझी पेटी घरातून हलवू नये. उन्हाळा असेल तर त्यांनी घाई करावी.

कलम सात. कलम दोनमधली मनाई देआनला वाटल्यास त्याने मोडावी. नाही वाटले, तर कोणी त्याला आग्रह करू नये.

राजवाड्याच्या कामावर कारागिराला नाव घालता येत नाही. जन्मभराच्या कामातले हे पहिलेच, ज्याखाली मी नाव घालत आहे.

तांग शिचुन

साक्षीदार: छिएन दाओमिंग, पंचायत प्रमुख (कलम चार वाचून दोनदा उठून गेले, मग सही केली)
साक्षीदार: वैद्य हो झिगाओ
सुचौ, चिएनलुंग राजवटीचे चव्वेचाळिसावे वर्ष, नववा महिना, अकरावा दिवस