बोलता आलं नाही तर

आई, तुला जाऊन बारा वर्षं झाली. लाखांदूरचा माझा दवाखाना अजून बसस्टँडच्या मागेच आहे. फरक एवढाच, की बाकावर बसणारे बरेच जण आता तुझ्या तेव्हाच्या वयाचे दिसतात. साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला मी बीपी आणि शुगरबरोबर आणखी एक गोष्ट विचारते. त्याची सुरुवात तुझ्यापासून झाली, आणि ती कशी झाली हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

हिवाळ्यातला रविवार होता. मी गावी आले होते, तू चुलीपाशी लाखोळीची कोवळी भाजी निवडत बसली होतीस. गोळ्या चुकवतेस म्हणून मी तुला नुकतीच रागावले होते. तू मान वर न करता म्हणालीस, "मी पडली ना, त मले नागपूरच्या मशीनीत टाकजो नोको. शेजारच्या काकूले कसं बांधून ठेवलं होतं, पाह्यलं म्या. मले येथंच वसरीत राहू देजो." मी चिडले. "काहीतरीच काय बोलून राहिली आई? मी आहो ना डॉक्टर घरात." "म्हूनच त तुले सांगून राहिली," तू म्हणालीस. "तुया भावाले सांगितलं त तो रडत बसन." मी विषय बदलला. भाजीत लसूण किती घालतेस, असं काहीतरी विचारलं. तू क्षणभर माझ्याकडे पाहिलंस आणि लसणाबद्दल सांगू लागलीस. रोग्यांचं ऐकून घेणं हा माझा धंदा, आणि स्वतःच्या आईचं एक वाक्य मला पुरतं ऐकवलं नाही.

दोन वर्षांनी तुला अर्धांगाचा झटका आला, पाठोपाठ छाती कफानं भरली. आपण नागपूरला गेलो. घशात नळी टाकून मशीनवर ठेवायचं का, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा भाऊ माझ्याकडे वळला. "तुयाजवळ आई कधी काही बोलली होती का?" मी म्हणाले, "नाही." हे मी एका दमात म्हणाले, विचारही केला नाही. मला तू हवी होतीस. शिवाय 'हो' म्हटलं असतं, तर पुढचं वाक्य मलाच बोलावं लागलं असतं. भावानं सही केली. नऊ दिवस तू तिथे होतीस. तुझा एकच हात चालत होता, आणि नळी ओढू नयेस म्हणून तोच पट्टीनं पलंगाच्या कठड्याला बांधलेला. भेटीच्या वेळी भाऊ तो हात धरून उभा राहायचा आणि सिस्टरला विचारायचा, जराशा वेळापुरता सोडता येईल का. दहाव्या दिवशी तू गेलीस.

त्यानंतर बरीच वर्षं मी फक्त दवाखाना चालवला. मग एक दिवस हिंमत करून सानगडीहून येणाऱ्या एका म्हातारीला विचारलं, की पुढेमागे तब्येत फारच बिघडली तर तुम्हाला काय हवं, काय नको? ती ताडकन उठली. "डॉक्टरीण बाई, माह्या मरनाची तुमाले काहून घाई झाली?" चार महिने ती दुसऱ्या डॉक्टरकडे गेली. मी खूप खजील झाले. मग लक्षात आलं, की चूक प्रश्नात नव्हती, निवडून तिलाच विचारण्यात होती. तिला वाटलं, मला तिच्यात काहीतरी दिसलं. तेव्हापासून मी सगळ्यांना विचारते, धडधाकट माणसालाही, आणि मरणाचं नावही न घेता: "उद्या तुम्हाला बोलता आलं नाही, तर तुमच्या वतीनं कोणी बोलावं?" उत्तर केसपेपरच्या पहिल्या पानावर त्यांच्याच शब्दांत लिहिते, घरच्यांना बोलावून त्यांच्यासमोर वाचते. कायद्याचा कागद करायचा तर साक्षीदार, नोटरी हे सगळं लागतं. काही जण तोही करतात. बहुतेकांना घरात एकदा तोंडातून निघालं, एवढंच पुरतं. ती म्हातारी परत आली तेव्हा बाकावरच्या बाकीच्यांना विचारलेलं ऐकून म्हणाली, "सगळ्याईलेच इचारता का? मंग लिवा माहं बी."

तुला ज्याच्याबद्दल सांगायचं आहे तो कोंढ्याकडचा एक पाणकर. गावतलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत कधी सोडायचं, हे त्यानं चाळीस वर्षं बघितलं. त्याचं हृदय थकलं होतं, पायावर सूज यायची. मी विचारल्यावर तो जराही अडखळला नाही. "माह्या वतीनं सून बोलन." मुलगा शेजारीच बसला होता, त्याचा चेहरा उतरला. "पोरगा घाबरते," म्हातारा म्हणाला, "सून इचार करते. अन् लिवा, मशीन नोको. दम कमी होईन तेवढं औषध द्या, घरी ठेवा." पुढच्या वर्षी तोच हळूच म्हणाला, "लिवलेलं खोडता येते ना? नातीचं लगन ठरलं. तवापर्यंत मशीनीत टाकलं तरी चालन." मी खोडलं. लग्न झालं, अक्षता टाकून तो पुढच्याच आठवड्यात आला. "आता पह्यलं होतं तसंच करा." मला वाटायचं, माणसाला एकदा विचारलं की झालं. या माणसानं मला शिकवलं की ते बीपीसारखंच पुन्हा पुन्हा बघावं लागतं.

धानकापणीच्या दिवसांत एका सकाळी सुनेचा फोन आला. मी पोचले तेव्हा अंगणात ॲम्बुलन्स उभी होती आणि सून दारात, हातात केसपेपर घेऊन. मुलगा ओरडत होता, "बापाले दवाखान्यात नेलं नाई म्हून गाव थुंकन माह्यावर!" ती म्हणाली, "गाव नाई, तुमचे बाबा काय म्हनले ते पाहा." मी खाटेपाशी बसले. म्हाताऱ्याला धाप होती, पण डोळे उघडे होते. मी ते पान मोठ्यानं वाचलं, आणि विचारलं, "हेच ना?" त्यानं मान हलवली. मग मुलाकडे हात केला. मुलगा तो हात धरून खाली बसला. ॲम्बुलन्स रिकामी परत गेली. मी नाकाशी लावायचा ऑक्सिजन पाठवला, तगमग कमी होईल असं औषध दिलं, सकाळ-संध्याकाळ जात राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. मुलगा ओल्या फडक्यानं त्याचे ओठ पुसत होता.

महिन्याभरानं मुलगा दवाखान्यात आला. काही दुखत नव्हतं, नुसताच बसला. जाताना म्हणाला, "मॅडम, म्या नाई ठरोलं, बाबानंच ठरोलं. म्हून मले झोप लागते."

तो गेल्यावर मला भाऊ आठवला. तो अजून म्हणतो, "सही म्या केली. तिचा हात म्याच बांधला." बारा वर्षं म्हणतो आहे, आणि दर वेळी मी म्हणते, "आपल्याला कुठं माहीत होतं?"

तो आता बासष्टचा झाला, आई. दर महिन्याला तपासायला येतो, रांगेत बसतो, बहीण डॉक्टर म्हणून पुढे घुसत नाही. त्याच्या केसपेपरचं पहिलं पान कोरं आहे. त्याला तो प्रश्न विचारला तर तो सहज म्हणेल, "आईले कोनी इचारलं होतं का?" मग मला उत्तर द्यावं लागेल. खरं तर हे पत्र त्याला लिहायला हवं होतं. तुला लिहिणं सोपं आहे, तू परत काही विचारणार नाहीस. तो समोर बसला की मी त्याचं बीपी दोनदा मोजते. मशीन दंडावर आवळलेलं असेपर्यंत बोलायचं नसतं, असं मी त्याला सांगून ठेवलं आहे.